नागोबाचं भाडं

अवधूताचे चोवीस गुरू आपल्याकडे पोथीला हात न लावणाऱ्यालाही अर्धेमुर्धे माहीत असतात. पृथ्वी, वारा, मधमाशी, कोळी, पिंगला वेश्या. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही यादी. त्यातला साप मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. सापाकडून अवधूत शिकला ते असं: एकट्यानं फिरावं, कमी बोलावं आणि घर बांधायच्या फंदात पडू नये. आज आहे उद्या नाही अशा देहासाठी घर उभारायचं म्हणजे दुःख विकत घ्यायचं. साप दुसऱ्यानं केलेल्या बिळात शिरतो आणि सुखानं राहतो.

हाच साप मराठी माणसाच्या ओसरीवर आला की त्याचा आयत्या बिळातला नागोबा होतो. मुंग्यांनी कण कण माती वर आणून वारूळ उभं करायचं आणि यानं येऊन वेटोळं घालायचं. प्राणी एक, वागणं एक. पोथीत त्याला गुरूचं आसन आणि बोलण्यात शिवी. हा पेच मला श्रावणातल्या वाचनात पडला असता तर पोथीबरोबर तोही फडक्यात बांधून ठेवला असता. पण तो पडला थायलंडात, चिआंग माई गावी, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, म्हातारपणासाठी घर विकत घ्यावं की भाड्यानं या घोळात असताना.

मी नोंदणी खात्यातून निवृत्त झाले. दुय्यम निबंधक, लोकांच्या तोंडी रजिस्ट्रारबाई. नोकरीचा बराच काळ सिंधुदुर्गात गेला. दुसऱ्यांची घरं-जमिनी या हातातून त्या हातात जाताना बघणं हेच काम. जुन्या खरेदीखतांत एक ठरलेली ओळ असायची: मिळकत विकली ती जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, पुरून ठेवलेलं धन, सगळं आजपासून तुझं. नवी होते तेव्हा त्या ओळीचा मला दरारा वाटायचा. पुढं संगणक आले, फोटो आणि अंगठ्याचं यंत्र आलं. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अंगठा यंत्र घेईना. ऑपरेटरनं ओल्या फडक्यानं पुसून पाहिला, मग दुसरं बोट, मग तिसरं. जमीन कसून कसून रेषा गेल्या होत्या, आणि त्याच जमिनीच्या विक्रीसाठी आता त्या हव्या होत्या. घेणारा मुंबईचा, साठीच्या पुढचा, कोकणात शांतपणे राहायला येणार होता. तो घड्याळाकडे बघत होता, पण वाईट माणूस नव्हता. त्यानंच मध्ये उठून म्हाताऱ्याला चहा आणून दिला.

तर माझा धाकटा भाऊ. कापड व्यवसायातला. बँकॉकजवळच्या एका सूतगिरणीत त्याची उमेदीची वर्षं गेली. भावजय गेली, नोकरी संपली, तरी तो परत आला नाही. उत्तरेला चिआंग माईत जाऊन राहिला, भाड्यानं. घरचं बोलायचं असलं की तो मालवणीवर येतो. म्हणाला, "ताई, हयसर येवन रव. तुका आता घर कित्याक व्हया?" मुली नांदत्या, कुडाळचा फ्लॅट दोन माणसांना मोठा, गावच्या घराच्या सातबारावर इतकी नावं की हातपाय पसरायचे तर सगळ्यांना विचारून. आमच्या ह्यांचे गुडघे पावसाळ्यात कुरकुरतात. थंडीतले चार महिने तिथं, उरलेले इथं, असं त्याचं गणित.

भाड्याचा शब्द काढताच हे बिथरले. पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेला माणूस. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हा त्यांचा सिद्धान्त. घ्यायचं तर विकत. त्यांनी वहीच उघडली. परदेशी घर घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. 2004 मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा पंचवीस हजार डॉलरची होती. दहा लाख रुपयांच्या वर रक्कम गेली की बँक आधीच कर कापून घेते, मग विवरणपत्रात त्याची वजावट. नवराबायको दोघं, म्हणजे मर्यादा दुप्पट. एवढे डॉलर आमच्याकडे सात जन्मांत जमणार नव्हते, पण मर्यादा मोठी असली की माणसाला आपणही मोठे वाटायला लागतो.

तिथला कायदा मी पाहिला. सवयच ती. थायलंडात परक्या माणसाला जमीन घेता येत नाही. भाडेपट्टा तीस वर्षांपर्यंत, बस. इमारतीतला फ्लॅट मात्र त्याच्या नावावर होतो, पण एका इमारतीतल्या एकूण क्षेत्रफळापैकी 49 टक्क्यांच्या वर परक्यांच्या हाती जाता कामा नये, आणि पैसा परदेशातूनच आला असल्याचा बँकेचा कागद हवा. म्हणजे सहाव्या मजल्यावरची भिंत तुमची, तिच्या तळची माती अर्ध्याहून जास्त त्यांची. जल, तरू, तृण वगैरे तर सोडाच. भावानं एका ओळखीच्या घरातलं जमिनीचं खत दाखवलं. वर मधोमध लाल गरुड. तिथं खताची प्रत गरुडाच्या रंगावरून ओळखतात. लाल गरुड म्हणजे पक्की मालकी, हिरवा आणि काळा त्याखालचे. पोथीतला साप डोक्यात घेऊन आलेल्या बाईला मालकीच्या कागदावर गरुड बसलेला दिसावा, याला काय म्हणायचं! मी हसले. भावाला वाटलं, मी त्यांच्या दप्तराला हसते आहे.

पण मला खरं अडलं होतं ते मालकीत नव्हे. माझा प्रश्न आधीचा होता. या वयात परमुलखात बिऱ्हाड हलवणं, हा आश्रमधर्माच्या हिशेबात कोणता आश्रम? मनूनं म्हटलंय, अंगावर सुरकुत्या आल्या, केस पांढरे झाले, नातवंड बघितलं, की गृहस्थानं वनात जावं. बायकोला मुलांकडे सोपवावं, नाहीतर बरोबर न्यावं. आमच्यात तिन्ही खुणा भरपूर. थायलंडचं सरकार निवृत्तांना राहू देतं त्याच्या खुणा वेगळ्या: वय पन्नास पूर्ण आणि तिथल्या बँकेत आठ लाख बाथ, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. नाहीतर महिना पासष्ट हजार बाथचं उत्पन्न. मनूच्या वनाच्या दारात पासबुक बघायला कोणी बसलेलं नव्हतं. पण गंमत अशी की बाकीच्या अटी जुन्याच वाटतात. त्या परवान्यावर नोकरीधंदा करायचा नाही. वर्षाला मुक्काम नव्यानं मागायचा. सलग राहिलात तर दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. तिथले भिक्षू आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका विहारात थांबतात, आपल्याकडच्या यत्यांच्या चातुर्मासासारखे. बाकी वर्षभर फिरायला मोकळे. आणि हे गोरे-सावळे पेन्शनर तीन तीन महिन्यांच्या नोंदीवर जगणारे. दोघांनाही कायमचं काही नाही. फरक एवढाच की भिक्षूनं ते मागून घेतलंय आणि पेन्शनर रांगेत उभा राहून कुरकुरतो.

भावाला मी म्हटलं, हा तुझा वानप्रस्थ. तो म्हणाला, वनात एसी नसतो. त्यानं उत्तर थट्टेत दिलं, पण मुद्दा खरा आहे. आपल्या निवृत्तीच्या जाहिरातींत समुद्र, टेकडी, मसाज आणि स्वस्त दवाखाना असतो. ही संसाराची दुसरी आवृत्ती, पोरांच्या शाळेची कटकट वगळून. तिला आश्रम म्हणायचं म्हणजे आश्रम हा शब्द वृद्धांच्या वसतिगृहापुरता उरवण्यासारखंच झालं.

आणि म्हातारपणी लांब जाऊन राहायची चाल काही आजची नाही. दक्षिणी माणसं काशीला जात. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेचा परिसर, तिथं मराठी घरं अजून आहेत. काही जण क्षेत्रसंन्यास घेत: क्षेत्राची हद्द पुन्हा ओलांडायची नाही, मुलीचं लग्न असो की भावाचं मरण. 1958 पासून चाललेल्या काशीतल्या मुक्तिभवनात तर खोली मिळते ती मरण्यासाठी, आणि साधारण पंधरा दिवसांच्या मुदतीनं. तेवढ्यात मरण आलं नाही तर बहुधा सामान आवरायचं. आमच्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सपेक्षा कडक करार! पण त्या जाण्याला एक टोक होतं. ती माणसं एका जागी मरायला जात. आम्ही जाणार होतो ते गुडघे दुखू नयेत म्हणून.

एकनाथांचंच बघा. पक्के संसारी; पैठणला वाडा, बायकोमुलं, येणाजाणाऱ्याला पंगत. परंपरा सांगते की एकनाथी भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणात झाले आणि मग त्यांना काशीला जावं लागलं. ग्रंथ पुरा झाला तो काशीत, शके 1495 म्हणजे 1573 च्या कार्तिकी पौर्णिमेला. साप येतो नवव्या अध्यायात. म्हणजे घर बांधू नये हे नाथांनी लिहिलं ते परगावी, दुसऱ्याच्या आसऱ्याला राहून. आणि ग्रंथ हातावेगळा झाल्यावर काय केलं? पैठणला आपल्या घरी परतले. मला हे फार आवडतं. सापाला गुरू मानायचं आणि तरी घरी जायचं. घर असणं हा दोष धरला असता तर ते परतलेच नसते.

पण मग बीळ कोणाचं? पोथीत त्याचा उल्लेख येऊन निसटतो. दुसऱ्यानं केलेलं, एवढंच. त्या दुसऱ्याला मी सहाव्या मजल्यावर पाहिलं.

भावाची घरमालकीण निवृत्त प्राथमिक शिक्षिका. शेजारच्या लाम्फून गावात म्हाताऱ्या आईबरोबर राहते. फ्लॅट तिनं नोकरीत असताना कर्ज काढून घेतला, हप्ते फेडून मोकळी झाली आणि आई अंथरुणाला खिळली तशी गावी गेली. बारा हजार बाथ भाडं, आपले तीस-तेहतीस हजार, त्यातून आईजवळ बसायला बाई ठेवलेली. आम्ही तिथं असताना ती आली. हातात सुकवलेल्या लामयाईची पिशवी. आपल्या लिचीच्या जातीचं फळ, लाम्फूनची खासियत. चपला दाराबाहेर काढून उंबऱ्यावर उभी राहिली. दार उघडं होतं, तरी भावानं या म्हणेपर्यंत आत आली नाही. आल्यावर ओट्यावरून हळूच बोट फिरवलं. फरशा तिनं स्वतः निवडलेल्या. नळ गळतो का विचारलं. मग कोपऱ्यातलं कुलूपबंद कपाट उघडलं. भाड्यानं राहिलेल्या प्रत्येकाला असं एक कपाट माहीत असतं, मालकाचं, ज्याला आपण हात लावत नाही. त्यातून तिनं आईसाठी एक कापसाची गादी काढली, सुतळीनं बांधली, कपाट पुन्हा लावलं. भावानं गादी खाली नेऊन दिली. जाताना तिनं हात जोडले ते आम्हाला, घरमालकिणीनं भाडेकरूच्या पाहुण्यांना.

परक्या माणसाला घरात ठेवलं की मालकानं चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. म्हणजे आमच्यासाठी कागद भरायचे तिनं, जबाबदारी तिची, आणि शांतता आमची. साप सुखी आहे कारण बीळ करण्यातलं दुःख आधीच कोणीतरी भोगून झालंय. सगळेच अवधूत झाले तर बिळं करील कोण? हा प्रश्न थट्टेनं उडवता येत नाही. शास्त्रालाही तो ठाऊक होता. भिक्षेच्या बाबतीत मनूनं स्वच्छ सांगितलंय की उरलेले तिन्ही आश्रम गृहस्थाच्या आधारावर जगतात. चूल पेटली तरच संन्याशाची झोळी भरते. अन्नाचं ऋण मान्य केलं. निवाऱ्याचं ऋण मात्र अवधूताच्या सापानं कुठं मान्य केलेलं मला दिसत नाही, आणि म्हण नेमकी तिथं बोट ठेवते. ज्यानं ही म्हण पहिल्यांदा उच्चारली तो नक्कीच मुंग्यांच्या बाजूचा असणार.

भाडं दिलं की ऋण फिटतं, असं कोणी म्हणेल. माझ्या खात्याचाही सिद्धान्त तोच: मोबदला पोचला, पावती झाली, पक्षकारांचं एकमेकांकडे काही येणं नाही. तरी एक गोष्ट मला नोकरीत टोचायची. लिव्ह अँड लायसन्समध्ये ताबा मालकाकडेच राहतो, राहणाऱ्याला फक्त परवानगी. 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं महाराष्ट्रात असा प्रत्येक करार नोंदवावा लागतो, तरी लोक अकरा महिन्यांची जुनी खोड सोडत नाहीत. का, तर राहणारा कुळासारखा चिकटेल ही धास्ती. मालक भाडेकरूला भितो, भाडेकरू मालकाला. दोघांच्या भीतीतून करार होतो आणि त्यालाच आपण व्यवहार म्हणतो. त्यात ऋण असा रकानाच नाही.

एक माणूस भाड्यानं राहिला तर गाव बुडत नाही. शेकड्यांनी आले की वारूळच सापांचं होतं. पोर्तुगालचं ताजं आहे. आमच्या बाजूच्या गोव्यातल्या कित्येक घरांत त्या देशाची चर्चा असते, कारण 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना तिकडचा पासपोर्ट मिळू शकतो. 2012 पासून पाच लाख युरोचं घर घेणाऱ्या परक्याला पोर्तुगाल राहण्याचा परवाना देत होता. लिस्बनमधल्या भाड्यांनी तिथल्याच नोकरदारांच्या नाकी नऊ आणले, ओरड झाली, आणि 2023 मध्ये सरकारनं घरखरेदीची ती वाट बंद केली. त्यासाठी लिस्बनलाही जायला नको. आमच्या तालुक्यात समुद्र दिसणारी वाडी म्हटली की घेणारा बाहेरचा, हे मी टेबलामागून बघितलंय. ज्याचा फ्लॅट पुण्यात, बंगला लोणावळ्यात, त्यालाच तिसरं शांत ठिकाण हवं असतं. गावातल्या मुलाला लग्नानंतर दोन खोल्या बांधायला गुंठा मिळत नाही. बाहेरून येणाऱ्यांना शांतता हवी असते हे खरंच आहे. ती गावातल्या माणसांच्या गप्प राहण्यातून येते, हे त्यांना कोणी सांगत नाही.

चिआंग माईतल्या त्या इमारतीच्या आवारात, गेटच्या आत, एका खांबावर लहानसं घर आहे. आपल्या तुळशीवृंदावनापेक्षा थोडं उंच, कौलांना सोनेरी रंग. त्या जागेच्या रखवालदार देवतेचं हे घर. जमिनीवर इमारत उठवायची तर आधी तिला घर द्यायचं, आणि आपल्या इमारतीची सावली तिच्या घरावर पडू द्यायची नाही. सकाळी वॉचमन येऊन झेंडूची माळ बदलायचा आणि लाल फँटाची बाटली ठेवायचा, झाकण काढून, आत स्ट्रॉ घालून. पायाशी मातीची चिमुकली नोकरमाणसं, हत्ती, घोडे. हे म्हणाले, हा तर आपला राखणदार! मला तेच म्हणायचं होतं. आमच्याकडे जागेचा राखणदार असतोच. सातबारा कोणाच्या का नावावर असेना, नारळ त्याला. आरवलीच्या वेतोबाला भले मोठे चामड्याचे जोड वाहतात, कारण तो रात्री गावातून फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. आणि सातेरी! सिंधुदुर्गात, गोव्यात किती गावांची ती ग्रामदेवता. मूळ ठिकाणी गाभाऱ्यात मूर्ती नसते, वारूळ असतं. मुंग्यांनी उभी केलेली माती हीच देवी.

हे मी लहानपणापासून बघत आले. तिथं, त्या फँटाच्या बाटलीसमोर, पहिल्यांदा दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. नागपंचमीला आपण वारुळाला जातो, दूध-लाह्या नागाला; पण सातेरीच्या देवळात फुलं वारुळाला. अवधूतानं सापाला गुरू केलं ते त्याच्या जागी बरोबरच आहे. त्याला घराचा लोभ सोडायचा होता, आणि सापाइतका निर्लोभी भाडेकरू कुठला? म्हणही तिच्या जागी बरोबर. ती निर्लोभाबद्दल बोलतच नाही, ती कृतघ्नपणाबद्दल बोलते. सापानं बीळ आपलं मानलं नाही हा त्याचा मोठेपणा. ते कोणाचं होतं हे विचारलंच नाही, ही त्याची खोट. चिआंग माईजवळच्या दोइ सुथेपच्या देवळाला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत आणि दोन्ही कठड्यांवरून नाग उतरत येतात, मगरीच्या जबड्यातून निघालेले. बुद्धावर पावसात फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाची कथा तिथल्या पोरासोरांना पाठ. तिथला नाग आयत्या घरात राहत नाही, तो दुसऱ्याचं छप्पर होतो. अवधूताला हा साप भेटला असता तर पोथीतला धडा कदाचित निराळा झाला असता.

विकत घ्यायचा बेत तोवर बारगळला होता. ह्यांना पटवायला मला तत्त्वज्ञान लागलं नाही, वारसाहक्क पुरला. परक्या देशातला फ्लॅट आमच्यामागं मुलींच्या नावावर करायचा तर तिथल्या कोर्टाच्या पायऱ्या, थाई वकील, भाषांतरं. आणि परक्या मालकीच्या अटींत बसत नसल्या तर ठरावीक मुदतीत विकणं भाग. त्यांचा शेवटचा मुद्दा मात्र भक्कम होता: "आजारी पडलो आणि मालकिणीनं बाहेर काढलं तर?" मी म्हटलं, मालकालाही काढतात. माझ्या टेबलावर किती आईबापांनी मुलाला राहतं घर बक्षीसपत्रानं दिलं, आणि पुढं त्याच घराच्या पडवीत त्यांची खाट आली. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम 23 का घालावं लागलं? सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळलं नाही तर परत घेता यावं म्हणून. आपल्या नावाचं घर म्हणजे आपल्याला कोणी हलवणार नाही, हा भ्रम माझ्याइतका जवळून फार थोड्यांनी फुटताना पाहिला असेल. हे गप्प झाले. मग विचारलं, आणि तिथंच मेलो तर? भावानं त्याचाही विचार करून ठेवला होता. बौद्धांचा मुलुख, सगळे दहनच करतात; वाटेत दिसणाऱ्या त्या उंच धुराड्याच्या विहारात सोय होते, आणि अस्थींना पिंग नदी आहे. हे त्यानं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला ते आवडलं, ह्यांना नाही.

आमच्या ह्या जाण्याला वानप्रस्थ म्हणायचं धाडस मी करत नाही. थंडीपुरतं जायचं, धुरापूर्वी परतायचं. फेब्रुवारीपासून तिथं शेतं आणि रानं पेटवतात, हवा श्वास घेण्यासारखी राहत नाही. भाऊही कुलूप लावून शिमग्याच्या पालखीला गावी येतो. मालक असता तर हप्ता चालू म्हणून धूर खात बसला असता, असं त्याचं म्हणणं.

पुढं भावानं स्वतःसाठी मोठी जागा बघितली आणि सहाव्या मजल्यावरची आम्ही घ्यावी असं ठरलं. मालकीण करार करायला आली. छापील मसुदा, थाई आणि इंग्रजी शेजारी शेजारी, दोन महिन्यांची अनामत. सगळं झाल्यावर ती घुटमळली. आईला मोठ्या दवाखान्यात दाखवायला चिआंग माईला आणावं लागतं, त्याच दिवशी परत नेणं झेपत नाही. भाऊ त्यांना रात्री इथं राहू द्यायचा. आता आम्ही आलो. पुढचं ती बोललीच नाही, भावाकडे बघत राहिली.

हे मराठीत पुटपुटले, "भाडं आपण द्यायचं आणि वर धर्मशाळाही आपणच चालवायची?" मी मसुद्याखालच्या कोऱ्या ओळी पुढ्यात ओढल्या. मालकीण आणि तिची आई आवश्यक तेव्हा या घरातली मागची खोली वापरतील, असं लिहिलं. दिवसांची मर्यादा नाही, पूर्वसूचना नाही, आवश्यक म्हणजे काय याची व्याख्या नाही. नोकरीत असते तर असा दस्त शेरा मारून परत केला असता. मोघम शब्द म्हणजे उद्याचा दावा, हे मीच वकिलांना ऐकवायची. भावानं ते थाईत उतरवलं. तिनं वाचलं आणि खाली आपल्या हातानं एक ओळ वाढवली. तो म्हणाला, लिहिते आहे की अंथरूण-पांघरूण त्यांचं त्या आणतील. मग दोन्ही प्रतींवर सह्या झाल्या. नोंदणीला कुठं जायचं, मी विचारलं. भाऊ म्हणाला, तीन वर्षांच्या आतल्या कराराला इथं नोंदणी लागत नाही. तेवढं मात्र मला अजून पटलेलं नाही.